दशमांश ग्रॉसवर की नेटवर?

पत्र:

"ताई, जय ख्रिस्त. मी पुण्यात आयटीत टेस्टिंगला आहे, माहेर नगर जिल्ह्यातलं, वडिलांची थोडी कोरडवाहू जमीन आहे. माझा ग्रॉस ७८ हजार, हातात ६४ येतात, नवऱ्याचे २८. घराचा हप्ता २९ हजार, मुलाची शाळा, आणि आईबाबांना दर महिन्याला ८ हजार पाठवते, आईची शुगर-बीपीची औषधं असतात. वर्षभरापासून आम्ही घराजवळच्या एका नवीन फेलोशिपमध्ये जातोय. तिथे शिकवतात की दशमांश ग्रॉसवरच द्यायचा, नेटवर दिला तर ती देवाची चोरी, मलाखी तिसरा अध्याय. मी भावनेच्या भरात प्लेज कार्डवर महिना ७,८०० लिहून सही केली. आता ते भरता यावेत म्हणून किराणा, पेट्रोल क्रेडिट कार्डवर ढकलते आणि फक्त मिनिमम ड्यू भरते. नवरा म्हणतो हे ज्यू लोकांचं जुनं नियमशास्त्र, आपल्याला त्याचं काय. लीडर म्हणतात आईबाबांना पाठवतेस ते दशमांशात धरायचं नाही, आधी देवाचं. त्यात कामवाल्या मावशींनी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी १५ हजार उसने मागितलेत, त्यांचा पगारसुद्धा हल्ली माझ्याकडून १० तारखेपर्यंत लांबतोय. देवाला देऊ की माणसांना? बायबलमध्ये खरंच काय आहे ते सांग. – एक गोंधळलेली, पिंपरी-चिंचवड"

उत्तर:

अगं, जय ख्रिस्त. तुझ्या पत्रात दशमांश मला नंतर दिसला, आधी ते क्रेडिट कार्ड दिसलं. मिनिमम ड्यू भरत राहिलीस तर बऱ्याच कार्डांवर वर्षाला ३६ ते ४५ टक्के व्याज बसतं, म्हणजे तू देवाला दहा टक्के देतेयस आणि ते देता यावेत म्हणून बँकेला त्याच्या चौपट दराने मोजतेयस. उद्याच बँकेला फोन कर, सगळी बाकी ईएमआयमध्ये बदलून घे, व्याज बरंच खाली येतं, आणि तोवर प्लेजचे पैसे थांबव. हो, थांबव. घाबरू नकोस, त्याला वचनातलाच आधार आहे, पुढे सांगते.

नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. हे कायदे शेती आणि मेंढरांवर जगणाऱ्या इस्राएली लोकांचे, त्यांना मंदिर होतं, याजक होते, वेदी होती. ते मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जाळलं, त्यानंतर ज्यू लोकांनीही यज्ञार्पणं केलेली नाहीत. इस्राएलमधले धार्मिक ज्यू आजही तिथल्या धान्यातून, भाजीपाल्यातून थोडासा भाग काढून बाजूला ठेवतात, एक टक्क्याहून किंचित जास्त, आणि तो खात नाहीत. पगाराचे दहा टक्के काढायची पद्धतही त्यांच्यात आहे पण ती मागाहून रुळलेली, मोशेच्या पुस्तकांत पगार हा शब्द दशमांशाच्या जवळपास कुठेच येत नाही. तिथे धान्य आहे, द्राक्षारस आहे, तेल आहे, झाडाची फळं आहेत, गुरंमेंढरं आहेत. तेव्हा नवरा म्हणतो ते खरं, पण लीडर जर त्याच नियमशास्त्राचा हवाला देऊन तुझ्याकडून पैसे घेत असतील तर मग ते आख्खं वाचायचं ना, एक ओळ कापून स्क्रीनवर लावायची आणि खाली क्यूआर कोड, असं कसं चालेल.

मला त्यातलं मेंढरांचं फार आवडतं. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात आहे की काठीखालून जाणारं प्रत्येक दहावं जनावर परमेश्वराचं. हे प्रत्यक्षात कसं करायचे ते मिश्नामध्ये, म्हणजे ज्यू लोकांच्या जुन्या नियमसंग्रहात, लिहून ठेवलंय. कोकरं कोंडवाड्यात घालायची, दार इतकं अरुंद ठेवायचं की दोन एकदम बाहेर पडू शकणार नाहीत, मग माणूस दाराशी काठी घेऊन मोजतो, एक, दोन, तीन, आणि जे दहावं येईल त्याच्या अंगावर गेरूसारख्या लाल रंगाची खूण करून म्हणतो हे दशमांशाचं. चांगलं आलं की वाईट आलं हे बघायचं नाही, बदलाबदल करायची नाही, केली तर दोन्ही गेली. आता बघ, एखाद्याकडे नऊच कोकरं झाली तर दहावं बाहेर येतच नाही, माणूस काठी खाली ठेवून घरी जातो, त्याला कुणी चोर म्हणत नाही. आणि मोजणी होते ती कोंडवाड्यातून जिवंत बाहेर आलेल्यांची, लांडग्याने नेलेली, आजारात गेलेली कुणी त्यात धरत नाही. तुझे जे १४ हजार पीएफ आणि टॅक्समध्ये कापले जातात ते या दारातून बाहेर येतच नाहीत. ज्यू धर्मशास्त्री पगाराच्या दशमांशाचा हिशोब करतात तेव्हा त्यातलेही बरेचजण इन्कम टॅक्स वजा करूनच आकडा धरतात. ज्यांचा हा कायदा आहे ते नेटवर मोजतात आणि आपल्याकडे एक जण माइक घेऊन ग्रॉस म्हणतो, तर मी ऐकू कुणाचं?

आता हे जायचं कुणाकडे, ते तर कुणी सांगतच नाही. गणना १८ प्रमाणे दशमांश लेव्यांना, म्हणजे लेवी वंशाच्या लोकांना, कारण त्यांना जमिनीचा वाटा नव्हता, बाकीच्या वंशांना शेतं मिळाली आणि हे मंदिराच्या कामाला. आणि त्या लेव्यांनाही मिळालेल्यातला दहावा हिस्सा पुढे याजकांना द्यावा लागे. म्हणजे घेणाराही देणारा. तुमच्या लीडरना एकदा शांतपणे विचार की फेलोशिपकडे जमतं त्याचा दहावा हिस्सा कुठे जातो, भांडायला म्हणून नाही, माहिती म्हणून.

पण अनुवाद १४ उघडलंस तर तिथे वेगळंच दिसेल, मी तर म्हणते नवऱ्याबरोबर बसून वाच. तिथे सांगितलंय की दरवर्षीच्या पिकाचा दहावा हिस्सा घेऊन देवाने निवडलेल्या ठिकाणी जा आणि तिथे घरच्यांसोबत तो *खा*. ठिकाण लांब असेल, धान्य वाहून नेणं झेपत नसेल तर विकून पैसे कर, पैसे हातात बांध, तिथे जाऊन तुझ्या जिवाला वाटेल ते घे, बैल, मेंढरं, द्राक्षारस, मद्यसुद्धा, आणि कुटुंबासकट आनंद कर, फक्त तुझ्या गावातल्या लेव्याला विसरू नकोस. मद्य वाचून आमच्याकडच्या कितीतरी पाळकसाहेबांनी घाईघाईने पान उलटलेलं मी पाहिलंय. तिसऱ्या वर्षी मात्र तो हिस्सा कुठेच न्यायचा नाही, आपल्याच गावात साठवायचा आणि लेवी, उपरा, अनाथ, विधवा यांनी येऊन पोटभर खायचं. म्हणजे दशमांश एकच आणि तो एकाच खात्यात, असं हे नव्हतंच. थोडा सेवेला वाहून घेतलेल्यांना, थोडा सगळ्यांनी मिळून जेवायला, थोडा वेशीतल्या माणसाला. तिसऱ्या वर्षाचा हिशोब द्यायचा तोही स्वतःच देवापुढे उभं राहून बोलायचं, की मी पवित्र हिस्सा घरातून काढला, ज्यांचा त्यांना दिला. अनुवाद २६ मध्ये आहे बघ. कुणी सॅलरी स्लिप मागत नव्हतं.

जाता जाता, आपल्या कोकणात जे बेने इस्राएल राहिले, अलिबाग, रेवदंडा त्या पट्ट्यात, ज्यांना लोक शनिवार तेली म्हणायचे, त्यांच्याकडे नवस फेडताना मलिदा करतात. पोहे, खोबरं, साखर, सुका मेवा, बाजूला फळं, एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन प्रार्थना आणि मग जमलेल्या सगळ्यांनी ते खायचं. त्यातले हजारो इस्राएलला गेले तरी तिथेही मलिदा होतोच. अर्पण म्हटलं की ते आपल्या हातून गेलं, नाहीसं झालं असंच आपण धरून चालतो. तिथे ते ताटात येतं.

मलाखीबद्दल. तिसऱ्या अध्यायातली आठवी ते दहावी ओवी तुला पाठ झाली असणार, देवाला ठकवता, भांडारात आणा, आकाशाची दारं उघडतील. आता जरा वर सरक, पाचवी बघ. मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा आणि अनाथांना छळणारे, उपऱ्याचा हक्क मारणारे, या सगळ्यांविरुद्ध मी साक्ष देईन असं देव म्हणतो. दशमांशाच्या तीनच ओव्या आधी. आणि पहिल्या अध्यायात तर बराचसा याजकांवरच जाळ काढलेला आहे, आंधळी-लंगडी जनावरं वेदीवर कशी चालवून घेता म्हणून. त्याच काळाच्या आसपास नहेम्या नावाच्या यहूदी राज्यपालाने पाहिलं की लेव्यांना त्यांचा वाटा मिळेना म्हणून ते मंदिर सोडून आपापल्या शेतांत कामाला गेलेत, आणि ज्या कोठीत दशमांश ठेवायचा तीच एका वजनदार माणसाला राहायला दिलेली. नहेम्याने त्याचं सामान बाहेर फेकलं. मग तिजोरीवर विश्वासू माणसं नेमली, आपल्या भाऊबंदांना वाटप करायला. म्हणजे चोरी ही दोन्ही बाजूंनी होते, न देणाऱ्याकडूनही आणि कोठी सांभाळणाऱ्याकडूनही, पण दुसरी बाजू माइकवरून कधी ऐकायला येत नाही. तसंच निर्गम ३६ पण नाही ऐकायला येत, निवासमंडपासाठी, म्हणजे उपासनेच्या तंबूसाठी, लोक इतकं आणायला लागले की कारागिरांनी काम थांबवून मोशेला सांगितलं फार झालं, आणि मोशेने छावणीत दवंडी दिली की आता आणू नका. पुरे म्हणणारा पुढारी. असो.

आईबाबांचे ८ हजार. लीडर म्हणतात ते दशमांशात धरू नको, आणि गंमत म्हणजे ते बरोबर आहे, फक्त कारण त्यांच्या उलट. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या मोठ्या ग्रंथात, ऐपत असलेल्या मुलाने बापाला गरिबांच्या दशमांशातून पोसलं तर त्याला शापच दिलाय, कारण आईबापांना देणं हे दान नाहीच, ते आधीचं देणं आहे. म्हणून ते आधी वजा होतं आणि उरलेल्यावर हिशोब. आणि आपल्या प्रभू येशूने तर मार्क ७ मध्ये शास्त्र्या-परुश्यांना, म्हणजे तेव्हाच्या ज्यू धर्मपुढाऱ्यांना, याच मुद्द्यावर धरलं होतं, माणूस आईबापाला म्हणतो माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं ते कुर्बान, म्हणजे देवाला वाहिलं, आणि मोकळा होतो, आणि तुम्ही त्याला आईबापासाठी काही करूही देत नाही. तू ८ हजार पाठवतेस, उद्या प्लेजसाठी त्यातले तीन कमी करावे लागले तर तू नेमकी त्या माणसाच्या जागी जाऊन बसशील. आईची औषधं आधी, यात मला चर्चा करायचीच नाहीये.

आता सही केलेल्या प्लेज कार्डचं. नवस बोललास तर फेड, आणि नाही बोललास तर तुला काही पाप नाही, हे अनुवाद २३ मध्ये स्पष्ट आहे, म्हणून पुढच्या वेळी कुणी कार्ड आणि पेन पुढे केलं, मागे कीबोर्ड हळूहळू वाजत असेल, तर पेन परत दे. पण बोलून बसलेल्यांसाठीही सोय आहे. लेवीय २७ च्या सुरुवातीला माणसांच्या नवसांचे दर दिलेत, वीस ते साठ वयाच्या पुरुषाचे चांदीचे ५० शेकेल, बाईचे ३०, आणि लगेच आठवी ओवी, कुणी इतका गरीब असेल की त्याला हे मोल झेपत नाही तर त्याने याजकापुढे उभं राहावं आणि याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे आकडा ठरवावा. आकडा कमी करणं हे तिथे याजकाचं *काम* आहे. तेव्हा जा, सांग की मी लिहिलेलं झेपत नाहीये, घरात कर्ज झालंय, आकडा बदलून द्या. ते वचन उघडून पुढे ठेव. आणि हो, गणना ३० मध्ये असंही आहे की बायकोचा नवस नवऱ्याला कळला त्याच दिवशी तो रद्द करू शकतो. मला ते आजच्या घरात अजिबात मान्य नाही आणि तुझ्या नवऱ्याला हे पान दाखवू नकोस, पण लीडर फारच शब्दाला शब्द लावायला लागले तर हेही शब्दच आहेत म्हणावं.

चोर असल्यासारखं वाटतंय असं तू सरळ लिहिलं नाहीस पण वाटतंय ते कळतं. म्हणून एक सांगते. पापार्पणाला कोकरू आणायचं, नसेल परवडत तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं, तेही नसेल तर एफ्याचा (हे तेव्हाचं धान्याचं माप) दहावा हिस्सा सपीठ, त्यावर तेल नको, ऊद नको. लेवीय ५. आणि तिन्हींच्या शेवटी एकच लिहिलंय, याजकाने त्याच्यासाठी प्रायश्चित्त करावं, आणि सपीठवाल्यालाही स्पष्ट लिहिलंय, त्याला क्षमा होईल. सपीठवाल्याला थोडी कमी, असं काही नाही. मरीयेने बाळाला मंदिरात आणलं तेव्हा पक्ष्यांचीच जोडी वाहिली, कोकराची नाही, म्हणजे ते घर कुठल्या ऐपतीचं होतं ते बघ. उलट शिरगणतीच्या वेळी अर्धा शेकेल सगळ्यांना सारखा, श्रीमंताने जास्त द्यायचा नाही, गरिबाने कमी नाही. आपल्या जुन्या मंडळ्यांत वर्गणी असते ना, घरटी ठराविक, ती मला त्या अर्ध्या शेकेलसारखी वाटते, दिवा-पाणी, झाडलोट, खुर्च्या, ज्याचा लाभ सगळे घेतात त्याचा वाटा. तुम्ही वर्षभर त्या हॉलमध्ये बसताय, पंख्याखाली बसताय, तर तेवढं द्यायलाच हवं, नवऱ्यालाही हे सांग.

रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, वरची मर्यादाही घातली होती. गॅलिलीतल्या उशा गावी जमलेल्या पंडितांनी ठरवलं की दानधर्म करणाऱ्याने मिळकतीच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये, नाहीतर देता देता तोच लोकांच्या दारात उभा राहील. तुझा आकडा हातात येणाऱ्या पगाराच्या बारा टक्क्यांच्या वर जातो, पाचव्या हिश्श्याच्या आत आहे खरा, पण ज्या कारणासाठी मर्यादा घातली ते तुझ्या घरात होऊन बसलंय. किराणा उधारीवर आहे.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. नियमशास्त्रात गरिबाला हातात उचलून द्यायच्या गोष्टी त्या मानाने कमी आहेत, आपल्या हाताने ओरबाडू नका अशा जास्त आहेत. शेत कापताना बांधाकडेचे कोपरे कापू नका, पडलेली कणसं उचलायला मागे फिरू नका, पेंढी शेतात विसरली तर राहू दे, जैतून एकदा झोडपला की परत फांद्या चाचपू नका, द्राक्षमळ्यात दुसऱ्यांदा खुडू नका, ते उपऱ्याचं, अनाथाचं, विधवेचं. सरवा म्हणजे काय ते नगरच्या मुलीला मी काय सांगू, भुईमूग उपटून नेला की बायापोरं वावरात शेंगा वेचायला येतात, तेच. मिश्ना म्हणते कोपरा निदान साठाव्या हिश्श्याएवढा तरी असावा, वर कितीही. आणि मालकाने त्यात एकाला वेचू द्यायचं आणि दुसऱ्याला हाकलायचं, किंवा आपल्या ओळखीच्याला मदत करायची, हे केलं तर तो गरिबाला लुटतोय असं धरलंय. कोण लायक आहे हे ठरवायचा अधिकारच मालकाकडून काढून घेतलाय बघ, फोटो नाही, भाषण नाही, पात्रता नाही. बवाज नावाच्या शेतमालकाने तर रूथसाठी गड्यांना सांगितलं की पेंढ्यांमधून मुद्दाम थोडं गाळत चला आणि तिला बोलू नका. ती मवाबी, परकी, सासूला घेऊन आलेली विधवा. दिवसभर वेचून, झोडपून तिच्याकडे एफाभर सातू निघालं, ते तिने स्वतः कष्टाने मिळवलेलं, कुणाच्या उपकाराचं पाकीट नाही.

तुझ्या पगाराला कोपरा कुठून येणार, तर घासाघीस जिथे आपण सवयीने करतो तिथून. भाजीवालीच्या शेवटच्या पाच रुपयांवरून, रिक्षावाल्याच्या सुट्ट्या पैशांवरून, पावसात पार्सल घेऊन आलेल्या पोराला लिफ्टने नको जिन्याने ये म्हणणाऱ्या सोसायटीच्या त्या नोटीसवरून (तुमच्याकडे नसेल तर उत्तम), मावशींनी सुट्टी घेतली की दिवसाचे पैसे कापायचे त्या हिशोबावरून. हे कुठल्या क्यूआर कोडवर दिसणार नाही आणि याची पावतीही मिळणार नाही.

मावशींचे १५ हजार. तुझ्या प्लेजचे दोन महिने केलेस की १५,६०० होतात, तुला दिसलंय का हे? मी असते तर हेच दोन महिने तिकडे वळवले असते. कार्डाची बाकी ईएमआयवर गेली की तो हप्ता सुरू राहील, आणि फीला तारीख असते, ती कुणासाठी थांबत नाही. कॉलेज हप्त्याने घेतं का हेही मावशींना विचारायला सांग, बऱ्याच ठिकाणी घेतात, मग तुझ्यावर एकदम ताण येणार नाही. मायमोनिडीस म्हणून मध्ययुगातला मोठा ज्यू पंडित आणि वैद्य होऊन गेला, १२०४ साली वारला, त्याने दानाच्या आठ पायऱ्या मांडल्या आणि सगळ्यात वरची पायरी कुठली तर माणसाला देणगी देऊन, कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम देऊन असं उभं करणं की त्याला पुन्हा कुणाकडे मागायची वेळ येऊ नये. नर्सिंग झालेली मुलगी म्हणजे तेच की.

पण कसं द्यायचं त्याचेही नियम आहेत आणि ते मला आजच्या कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांना वाचून दाखवावेसे वाटतात. व्याज नाही. गहाण म्हणून जातं घ्यायचं नाही, वरची तळीसुद्धा नाही, कारण ते माणसाच्या पोटाचं साधन. गरिबाचं पांघरूण गहाण ठेवलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत, कारण तो रात्री काय पांघरणार. आणि गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरायचं नाही, बाहेर उभं राहायचं, तो आणून देईल. बाहेर उभं राहा, केवढी समज आहे यात. मावशींच्या बाबतीत म्हणजे पगारातून सगळे एकदम कापायचे नाहीत, पगार हेच त्यांचं जातं. महिन्याला किती द्यायचे ते त्यांनाच सांगू दे, हजार म्हणाल्या तर हजार, पाचशे म्हणाल्या तर पाचशे. सोसायटीतल्या दुसऱ्या बायकांना सांगायचं नाही. एखादा महिना चुकला तर तुझ्या तोंडावर दिसता कामा नये. सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायचा नियम होता, आणि ते वर्ष जवळ आलं म्हणून हात आखडू नका असंही बजावलेलं, तरी लोक आखडायचेच, शेवटी हिल्लेल नावाच्या गुरूने कर्ज न्यायालयाकडे नोंदवायची पळवाट काढली तेव्हा कुठे गरिबांना पुन्हा उसने मिळू लागले. माणसं तेव्हाही आपल्यासारखीच. म्हणून देतानाच मनात धरून ठेव की यातले पाच-सहा हजार परत आले नाहीत तरी चालेल, आणि तसं चालणार नसेल तर १५ देऊ नकोस, ९ दे, पण मोकळ्या हाताने दे.

हे दोन महिने झाले की मग शांतपणे बसून ठरवा, दोघांनी. तुम्हा दोघांचे मिळून ९२ येतात, आईबाबांचे ८ बाजूला, घराचा हप्ता बाजूला, कार्डाचा हप्ता असेपर्यंत तोही, हप्ते वजा करायचे हे माझं मत आहे, शास्त्र नाही. उरलेल्याचे दहा टक्के साधारण पाच हजारांच्या घरात निघतील. ते सगळे एकीकडे नकोत. फेलोशिपला वर्गणी आणि सेवकाचा वाटा म्हणून दीड-दोन हजार, हक्काने द्या आणि हक्काने हिशोबही विचारा. थोडे दाराशी येणाऱ्यासाठी, वॉचमनच्या पोराची वही, कुणाचं औषध, ठरवून नाही, आलं तसं. आणि थोडे साठवून वर्षातून एकदा गावी जाऊन मटण-भाकरीचं जेवण घाला, तुमच्या गावातल्या पाळकसाहेबांना बोलवा, वडिलांच्या वावरात राबणाऱ्या गड्याला बोलवा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला बोलवा. तोही दशमांशच आहे, अनुवाद १४, कुणी हसलं तर पान दाखव. एखादा महिना नऊच कोकरं निघाली तर काठी खाली ठेव आणि झोप.

लीडरशी बोलताना आवाज चढवू नकोस. त्यांना म्हणावं, सर, मी द्यायचं बंद करत नाहीये, लेवीय २७ ची आठवी ओवी आहे त्याप्रमाणे माझा आकडा बदलून घ्यायला आलेय. जर ते ऐकून घेतील, प्रार्थना करतील आणि नवीन कार्ड देतील तर माणूस चांगला आहे, राहा तिथे. जर म्हणाले की तुझा विश्वास कमी पडतोय, कर्ज देव फेडेल, तर दुसरी मंडळी शोध, पुण्यात काही कमी नाहीत.

आणि मावशींचा पगार. ही ओळ तू पत्रात सहज टाकून पुढे गेलीस, मी मात्र तिथेच अडकले. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, कारण तो गरीब आहे आणि त्याचं चित्त तिच्यावर लागलेलं असतं, नाहीतर तो देवाकडे तुझ्याविरुद्ध ओरडेल आणि तुला पाप लागेल, अनुवाद २४. तुझा पगार १ तारखेला येतो की ३० ला ते तू लिहिलं नाहीस, पण ज्या दिवशी येतो त्या दिवशी संध्याकाळी त्यांचे पैसे गेलेच पाहिजेत, ईएमआय ऑटो-डेबिट होतो ना, तसंच हेही लावून टाक. या महिन्याचा राहिला असेल तर हे वाचून झाल्यावर लगेच पाठव, आणि उसन्या पैशांचं बोलणं त्यानंतरच्या दिवशी कर, एकाच वेळी दोन्ही नको, म्हणजे त्यांना आपल्याच पगारासाठी तुझे आभार मानावे लागणार नाहीत.